रॅम डिस्कमधली आई

करमणूक म्हणून वाचत असाल तर इथेच थांबा. हे माझ्या सख्ख्या भाचीच्या बाबतीत झालंय. या गणपतीनंतर, रोह्याजवळच्या वरसे गावात.

मी पेणला गणपतींचा कारखाना चालवतो. माझी धाकटी बहीण नमिता गेल्या वर्षी गाडीवरून पडून गेली. मागे नवरा मिथुन आणि चार वर्षांची मनस्वी. आमची मनू.

मिथुन धाटावला कंपनीत आहे. कॉम्प्युटरची भारी हौस. घरचा कॉम्प्युटर जुना, नमिताचे व्हिडिओ मधेच अडकायचे आणि मनू रडून घर डोक्यावर घ्यायची. म्हणून या शहाण्याने रॅम डिस्क बनवली. म्हणजे मेमरीचाच एक भाग ड्राईव्हसारखा वापरायचा. वेग भन्नाट. फक्त कॉम्प्युटर बंद झाला की आतलं सगळं पुसलं जातं.

व्हिडिओ कॉपी करायचे सोडून त्याने कट करून तिकडे टाकले.

संध्याकाळी लाईट गेली.

मिथुन जमिनीवर बसून रडला. बायकोचा आवाजही गेला होता.

लाईट आली. कॉम्प्युटर सुरू झाला. रॅम डिस्क रिकामी हवी होती...

आत एक फाईल होती.

त्याने ती लावली. चित्र नाही. नुसती खरखर... आणि नमिता बोलली.

"मनू, येते गो."

आमच्याकडे घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. 'येते' म्हणायचं. घरातल्याने 'ये' म्हणायचं.

मनूने सवयीने उत्तर दिलं.

"ये."

तेव्हापासून मनू कमी बोलायला लागली. तिचं हसू घरात ऐकू येईना. ते स्पीकरमधून यायचं...

आणि स्पीकरची वायर काढलेली असायची.

मी फोनवर मिथुनला शिव्या घातल्या. बंद कर ते डबडं!

"नाय होत, भाऊ. बंद केला तर नमी परत मरंल."

रविवारी दुपारी तो इस्त्री करत होता. आतल्या खोलीतून मनूची हाक आली.

"बाबा, येते."

"ये," तो वर न बघता म्हणाला.

मग लक्षात आलं... पावलं वाजलीच नाहीत.

तो धावला. मनू कॉम्प्युटरसमोर खुर्चीत. डोळे उघडे. श्वास चालू. हलवलं तरी बोलेना.

बोलला तो स्पीकर.

"बाबा, हितं काळोख हाय. आई हात सोडत नाय."

डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय. धक्का कसला! मी स्वतः तिथे बसून ऐकलंय, "मामा, लाईट जाऊ देऊ नको." मिथुनने इन्व्हर्टर आणला. आम्ही पाळीपाळीने त्या कॉम्प्युटरची राखण केली.

परवा वादळात लाईट गेली ती आलीच नाही. इन्व्हर्टर दमला. मिथुन एकटाच होता. आतून मनू किंचाळत होती...

स्क्रीन काळी झाली.

आणि खुर्चीतली मनू उठून उभी राहिली.

मिथुनने मला फोन केला. "भाऊ, पोरगी बोलली! पोरगी आली परत!" मी रडायलाच लागलो. म्हटलं, तिला दे. त्याने फोन तिच्या हातात दिला आणि शेजाऱ्यांना सांगायला बाहेर पळाला.

आवाज मनूचाच होता.

"दादा, रडतोस काय? एकीलाच बाहेर येता येत होतं."

मनू मला मामा म्हणते.

दादा म्हणणारी एकच होती. नमिता.

मिथुनला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगू? काल त्याने फोटो पाठवला. तिला मांडीवर घेऊन वरणभात भरवतोय.