चोचीतलं दुसरं फूल

मुकुंदवाडीला पॅसेंजर थांबली. शैला कुंडी कवटाळून उतरू लागली, तोच मागून आवाज आला, "ओ मॅडम, तुमची केळ माझ्या कानात शिरायलीय!"

"केळ नाही ती," ती वळून म्हणाली. "बर्ड ऑफ पॅराडाइज. फुललं की पाखराच्या डोक्यासारखं दिसतं, चोच न् तुरा."

"मग फुललंय का कधी?"

"अजून... नाही."

तो हसला, पण तिचा चेहरा पाहून त्यानं हसू आवरलं. न विचारताच कुंडी खांद्यावर घेऊन रिक्षापर्यंत आला. रामकिसन त्याचं नाव. शेतकऱ्याचा मुलगा, चिकलठाण्याच्या कारखान्यात कामाला.

जालन्याच्या घरातून निघताना शैलाने आईकडून एवढंच मागून घेतलं होतं. अण्णांनी, तिच्या वडिलांनी, बी रुजवून वाढवलेलं रोप. फुलाची वाट पाहतापाहता अण्णाच गेले. तेव्हा ती कुणापुढं रडली नाही. हे फुलवायचं, एवढं मात्र तिनं मनाशी पक्कं केलं.

गारखेड्यातल्या खोलीपुढं, सकाळचं ऊन येईल अशी कुंडी ठेवली. रविवारी रामकिसन कधी शेणखत घेऊन येई, कधी नुसताच.

"पाखरू काय म्हणतंय?"

"तुमची आठवण काढत नव्हतं."

"आन् मालकीण?"

ती ओल्या फडक्यानं पानं पुसत राही... हसू काही पुसलं जात नसे.

दिवाळीत ती आईकडे जालन्याला गेली. पाणी घालायचं काम त्याच्यावर सोपवलं. परतली तर दारात भली मोठी नवी कुंडी, आणि तीत अण्णांचं रोप!

"मुळं कुंडी फोडून भायेर आल्ती," रामकिसन खुशीत म्हणाला. "लई गुदमरलं होतं. मोकळं केलं."

शैला पायरीवरच बसली. "मुळं दाटली की मगच फुलतं ते, रामकिसन. अण्णा त्याला कुणाला हलवू द्यायचे नाहीत. आता रुसेल... दोन-तीन वर्षं तरी फूल नाही."

त्याचा चेहरा उतरला. "परत जुन्या कुंडीत—"

"नको! आता हातच लावू नका."

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्या संध्याकाळी कुंडीशेजारी बसून शैला पहिल्यांदा पोटभर रडली. मग उठली, तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना ती कारखान्याच्या गेटापाशी उभी होती.

"पाणी घालायला माणूस हवाय," ती म्हणाली.

"मी? मीच तर घोळ केला."

"म्हणून तर. घोळ तुमचा, आणि वाट मी एकटीनंच का बघायची?"

"दोन-तीन वर्षं?"

"लागतील तेवढी."

लागली. एका थंडीतल्या सकाळी हिरवी चोच उकलली. केशरी तुरा वर आला, मधोमध निळं टोक. शैलाने बोटाने नुसता स्पर्श केला. "अण्णा," ती हळूच म्हणाली. रामकिसन शेजारी उभा होता. त्यानं तिचा थंडगार हात धरून ठेवला.

मग म्हणाला, "फुललं. आता... माझं काम संपलं म्हणायचं?"

"त्याच चोचीतून आणखी एक येतं. थोड्या दिवसांनी." तिनं हात सोडवून घेतला नाही. "उद्या सकाळच्या पॅसेंजरनं जालन्याला चला. आईशी बोलायचंय."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होत तो म्हणाला, "कुंडी घ्यायची का संगं? खांद्यावर नेतो की."

"नको," शैला म्हणाली. "तिला आता इथून हलवायचं नाही."