चिंधी बांधलेली काठी

काम तसं साधं होतं. डोंगरकडेचा रस्ता अर्धा उकरलेला, त्यामुळे एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडायच्या. मधे वळण, फोनला रेंज नाही. म्हणून वरच्या टोकाचा बोळका (समोरचे चार दात पडलेले, त्यावरून हे नाव) शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात लाल काठी द्यायचा. ती खाली पोचली की रस्ता मोकळा. मग तीच काठी खालच्या शेवटच्या गाडीबरोबर वर जायची. काठी एकच.

खालच्या टोकाला झेंडेवाली उभी असायची. गेल्या वर्षी तिथं तिचा नवरा उभा होता. त्यानं गाड्या सोडल्या आणि वळणावर समोरून ट्रक आला. आवाज ऐकून तो धावत वर गेला, तो खचलेल्या कडेबरोबर दरीतच गेला. काठी ट्रकमध्ये सापडली. म्हणजे यानं काठी न घेताच गाड्या सोडल्या, असं चौकशीत ठरवून सगळ्यांनी हात झटकले.

"ते असं करणारच नाहीत," ती प्रत्येकाला सांगून थकली. शेवटी हट्टानं तीच जागा मागून घेतली आणि त्याच्या निळ्या सदऱ्याची चिंधी काठीला बांधली. म्हणाली, उभे राहा आता माझ्याबरोबर.

त्या सकाळी धुकं असं दाटलं होतं की स्वतःच्या हातातला झेंडा दिसेना. शाळेची बस येऊन थांबली. आत मुलांचा नुसता गोंगाट. वरून अर्ध्या तासात काही उतरलं नव्हतं.

"वहिनी, सोडा हो. चिटपाखरू नाही वर," मुकादम करवादला.

"काठी येऊ दे."

तेवढ्यात धुक्यातून एक टेम्पो उतरला. अगदी हळू. काच काळी. ओल्या मातीचा वास आला, डिझेलचा नाही. खिडकीतून हात बाहेर आला, हातात लाल काठी.

"शेवटची का?" तिनं विचारलं.

हात आत गेला, टेम्पो धुक्यात विरला.

"मिळाली ना? सोडा आता!"

बसवाल्यानं गिअर टाकला. झेंडेवालीनं काठी चाचपली. तीच जाडी, तोच टोकाचा टवका. पण चिंधी...? चिंधी नव्हती.

ती बसच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"अहो, वेड लागलंय का?" मुकादम ओरडला. "हातात काठी आहे तुमच्या!"

"ही माझी नाही. घालायची तर माझ्या अंगावरून घाला बस!"

धुक्यात कुणीतरी अगदी कानाशी श्वास सोडला. गार. तिची पाचावर धारण बसली, पण पाय हलले नाहीत. "फूं फूं काय करतोस?" ती दातओठ खाऊन म्हणाली. "नाही सोडणार."

आणि वळणावरून खडीनं भरलेला डंपर धडधडत खाली आला. करकचून ब्रेक लावून थांबला. ड्रायव्हरनं हात बाहेर काढला.

"शेवटचा मीच. बोळक्यानं दिलीय."

काठीला निळी चिंधी होती.

मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं दोन्ही काठ्या त्याच्या नाकासमोर धरल्या.

"त्यांच्या वेळी चिंधी नव्हती, मुकादम. त्यांना कळणार कसं? त्यांनी काठी घेतली होती. म्हणा!"

"वहिनी..."

"म्हणा!"

"घेतली होती... घेतली होती त्यांनी."

तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. मग डोळे पुसून तिनं बस सोडली, स्वतःची काठी देऊन.

संध्याकाळी तिनं दोन्ही काठ्या अवजारांच्या पेटीत टाकल्या, कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली. चौकशीवाल्या साहेबाच्या टेबलावर ती दुसरी काठी आपटायची, असं तिनं ठरवलंच होतं.

सकाळी पेटी उघडली. काठ्या दोन होत्या.

दोन्हींना निळी चिंधी, दोन्हींना तिचीच गाठ. तिनं एक हुंगली, मग दुसरी. दोन्हींना त्याच्या सदऱ्याचा वास येत होता.

खरी कुठली, हे आता तिलाही सांगता येईना. मग दोन्ही काठ्या डांबराच्या भट्टीत घातल्या.

"बोळक्याला सांगा," ती मुकादमाला म्हणाली, "आजपासून शेवटच्या गाडीमागनं स्वतः चालत यायचं. त्याचं तोंड बघितल्याशिवाय मी गाडी सोडणार नाही."

झेंडा घेऊन ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. तासाभरानं धुक्यातून पावलं वाजली. बोळका येत होता, हात हलवत, हसत.

त्याचे सगळे दात जागेवर होते.

तिनं लाल झेंडा वर केला.