मागच्या सीटची काच

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण माझ्या आत्याला खोटं बोलताच येत नाही. लगेच चेहऱ्यावर दिसतं तिच्या.

घडलं ते ग्वाल्हेरला. गेल्या मे महिन्यात, मंगळवारी, भर दुपारी अडीच वाजता. दौलतगंजात, आत्याच्या घरासमोरच्या गल्लीत.

पण आधी कोकणातली फेरीबोट सांगायला हवी.

त्याआधीच्या ऑक्टोबरात आत्या, म्हणजे विजयाबाई, तिचे यजमान तात्यासाहेब आणि मुलगा मोहित गाडीनं कुलदेवतेला निघाले होते. वाटेत खाडी लागली. गाडी फेरीबोटीवर चढली.

फेरीवरच्या माणसानं सांगितलं, "गाडी बंद करा. हँडब्रेक ओढा. काचा खाली करा. माणसं सगळी उतरा."

चार गोष्टी. आमच्या लोकांनी दोनच ऐकल्या.

तात्यासाहेबांचे गुडघे दुखत होते. "मी बसतो मागे. तुम्ही वर जाऊन बघून या," म्हणाले.

मोहितनं काचा चढवल्या. बटणाच्या काचा, चावीशिवाय उतरत नाहीत; आणि चावी त्याच्या खिशात. ग्वाल्हेरची सवय. गाडीत सामान आहे, कोणी हात घालेल.

"बाबा, बस पंधरा मिनट."

मागच्या दारांना चाइल्ड लॉक होतं, नातीसाठी. म्हणजे दार बाहेरूनच उघडणार, आतून नाही. ते कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

आत्या वर कठड्याशी उभी राहिली. इंजिनाची घरघर चालू होती. मध्येच खालून...

टक. टक. टक.

"साखळी वाजत असेल," मोहित म्हणाला. आत्यालाही तेच वाटलं.

थोड्या वेळानं आवाज थांबला.

पलीकडे पोचले तेव्हा तात्यासाहेब मागच्या सीटवर घामानं भिजून बसले होते. गेले होते. डॉक्टर म्हणाले, उकाड्यानं हृदय थांबलं.

आत्या रडली नाही. तेराव्यालाही नाही. लोक म्हणाले, घट्ट मनाची बाई आहे. घट्ट कसलं आलंय! आत काही उरलंच नव्हतं. एक प्रश्न तेवढा होता.

ते मला बोलावत होते का?

मे महिन्यात मोहितनं गाडी विकायला काढली. त्या मंगळवारी गाडीतलं सामान काढून तो गिऱ्हाइकाला आणायला गेला. गाडी उघडीच होती. उन्हाळ्यातली गरम लू वाहत होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

आत्या खाली उतरली. मागच्या सीटवर बसली. दार ओढून घेतलं.

काचा बंद होत्या. दार आतून उघडणार नाही, हे आता तिला ठाऊक होतं. तरी बसली.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. पदर ओला झाला. श्वास जड झाला. तिला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

मग हात आपोआप काचेकडे गेला. बोटात तात्यासाहेबांची अंगठी होती, सैल होते तिला.

टक. टक. टक.

तोच आवाज. अगदी तोच.

साखळी नव्हती.

तिचा हात मांडीवर पडला. पुन्हा वाजवावंसं वाटलं नाही. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. आणि तेव्हा...

टक. टक. टक.

बाहेरून.

काचेबाहेर कोणी नव्हतं. अंगठी तिच्या बोटात होती.

मग खटका वाजला... आणि दार उघडलं. हळू, सावकाश. गुडघे दुखणारा माणूस उघडतो तसं.

गरम वारा आत आला. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी.

मोहित परतला तेव्हा ती पायरीवर बसली होती. गाडी त्याच संध्याकाळी गेली.

मी नंतर तिला हरतऱ्हेनं समजावलं. वाऱ्यानं उघडलं असेल, दार नीट लागलं नसेल. मला स्वतःलाच ते पटत नव्हतं. अजूनही कुठे काच वाजली की माझा हात जागच्या जागी थांबतो.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. बोटातली अंगठी फिरवत म्हणाली,

"ह्यांनी उघडलं गं. मी तेव्हा नव्हतं उघडलं."