फिल्म क्लबमधला आवाज

ही गोष्ट खरी आहे. खोटी वाटली तर खुशाल हसा. आमच्या फिल्म क्लबमधले शहाणेही हसतात. त्यांच्या हसण्याची मला आता किंमत वाटत नाही.

गाव बेलापूर. बियाण्यांच्या दुकानावरचा हॉल. गेल्या डिसेंबरातला एक रविवार, भर दुपार. खिडक्यांना काळं कापड लावून आत रात्र केलेली.

तिथे जगभरातले जुने सिनेमे दाखवतात. अध्यक्ष काकासाहेब. थंडी असो नसो, गळ्यात मफलर. सिनेमा सुरू झाला की घोरणार आणि दिवे लागले की म्हणणार, "काय फ्रेम होती!" बाकीचे माना डोलावणार. कुणालाच काही कळलेलं नाही, हे प्रत्येकाला ठाऊक.

मी निवृत्त शिक्षक. गल्लीतली मुलं सोबत न्यायचो. पडद्यावर खाली येणारं इंग्रजी त्यांना झरझर वाचता येत नाही, म्हणून हळू आवाजात मराठीत सांगायचो. मुलं जीव लावून बघत. मंडळींना नेमकं तेच खुपायचं.

"गुरुजी, हे कीर्तन नाही," काकासाहेब त्या दिवशी म्हणाले. "आज एक शब्द जरी बोललात, तर मुलं कायमची बंद."

मी कबूल केलं. मुलं पहिल्या रांगेत, मी पार मागे दाराशी. दाढेखाली लवंग धरून बसलो.

सिनेमा सुरू झाला. बर्फ, एक म्हातारा आणि त्याची बकरी.

मुलं आता चुळबुळ करणार, असं वाटलं.

पण...

मुलं हसली. अगदी हसण्याच्या जागी.

मग त्यांच्यातल्या पंकजानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. जणू मी तिला काही विचारलं होतं...

माझे ओठ मिटलेले होते.

"गुरुजी!" अंधारातून काकासाहेब ओरडले. "शब्द दिला होता तुम्ही!"

"मी कुठं बोललो?"

"अख्खा हॉल ऐकतोय की!"

मी कान दिला. प्रोजेक्टरची घरघर. बाकी... काहीच नाही.

तेवढ्यात सगळी मुलं उठली. एकमेकांचे हात धरून, शिस्तीत भिंतीशी जाऊन उभी राहिली.

आणि छताचा पंखा पहिल्या रांगेवर कोसळला.

खुर्च्यांचा चुराडा झाला. एकाही मुलाला ओरखडा नाही.

मग काकासाहेबांनी मफलरवरची धूळ झटकली. "पंखा जुनाच होता. पण नियम तो नियम. मुलं पुढच्या वेळेपासून नकोत."

लेकरं मरता मरता वाचली, आणि या माणसाला नियम आठवला. त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.

मुलांना घेऊन खाली उतरलो.

"कुणी उठायला सांगितलं रे?"

करण हसला. "तुमीच की गुर्जी! 'राजांनो, हळू उठा, भिंतीकडं चला,' म्हनला ना."

"आणि सिनेमा?"

"समदा सांगितला. लई भारी. पार शेवटापर्यंत."

पंखा पडला तेव्हा सिनेमा अर्धासुद्धा झाला नव्हता...

"त्या म्हाताऱ्याचं काय होतं शेवटी?"

करणनं तोंड उघडलं. पंकजानं ते हातानं दाबलं.

"न्हाई गुर्जी. तुमीच म्हनलाय... 'मी विचारलं तरी मला सांगू नका.'"

क्लबला माझा रामराम. तिथल्या विद्वानांच्या मते म्हातारा गुरुजी बडबडला आणि वर नाकारतोय. त्यांच्याकडून याहून वेगळी अपेक्षा नव्हती.

मुलं आता माझ्या घरी येतात. रोज येतात. जायची वेळ झाली तरी उठत नाहीत.

काल पंकजाची आई दारात आली. "तब्येत बरी हाय ना गुर्जी? पोरगी रडती. म्हनती, गुर्जींना एकटं झोपू देऊ नका."

आयुष्यभर मुलांना सांगत आलो, अडलं की विचारा.

त्या सिनेमातल्या म्हाताऱ्याचं काय झालं, हे मी पंकजाला विचारलं नाही.