चार वाजताची कूस

सिहोऱ्याबाहेर, धानाच्या बांध्यांना लागून एक जुनं गोदाम आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला फरशी बसली, कूलर आले, दारावर पाटी चढली आणि त्याचा वृद्धाश्रम झाला. पाटी मात्र देखणी. आत सोळा खाटा आणि दुपारपाळीला एकटी शालू. एका बाईने सोळा म्हाताऱ्यांचं काय काय करावं, हे त्या पाटी रंगवणाऱ्यालाच विचारायला हवं.

शालू वाईट नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. हात हलका, बोलणं गोड. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठ फुटते. त्यासाठी प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता टांगलेला: वेळ, कूस, सही. शालू कामावर आल्या आल्या सगळे रकाने भरून मोकळी व्हायची. दोन वाजता डावी, चार वाजता उजवी, सहा वाजता पाठ. तिच्या आधीच्या बाईनेच तिला ही युक्ती शिकवली होती.

चार नंबरच्या खाटेवर आंबागडच्या गिरजाबाई होत्या. अर्धं अंग लुळं पडलेलं.

"पोरी, पाठ जळून राहिली वो... एक डाव फिरव ना मले."

"आलीच, आजी," शालू म्हणायची आणि पुढच्या खाटेकडे वळायची.

एक दिवस म्हातारीच्या कमरेवर लाल चट्टा दिसला. शालूने त्यावर बोट दाबून पाहिलं. दाबल्यावर कातडी पांढरी पडली तर अजून वेळ आहे. लालच राहिली तर आतलं मांस मरायला लागलं. चट्टा लालच राहिला. तीन आठवड्यांत तिथे मूठ मावेल एवढी जखम झाली. मग वासामुळे त्या खाटेजवळ कोणी सहीलासुद्धा जाईना. मेच्या दहा तारखेला गिरजाबाई गेल्या. शालू त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र आल्या आल्या तिने बाकीचे तक्ते भरले.

चौदा तारखेला दुपारी व्यवस्थापक प्रितम घाईघाईने आला. "उद्या तपासणीवाले येऊन राहिले. गिरजाबाईचा तक्ता कोरा दिसला तर तुही नोकरी गेली समज. पुरा कर. अन् खाडाखोड नको."

बाहेर ऊन रणरणत होतं. लाइट गेलेली, कूलर मुके. शालू रिकाम्या चार नंबरवर टेकून लिहू लागली. डावी, उजवी, पाठ. हाताला सवयच ती. भानावर आली तेव्हा दहा तारीख केव्हाच मागे पडली होती. अकरा, बारा, तेरा आणि आज सहापर्यंत तिने एका मेलेल्या बाईची कूस बदलून ठेवली होती. पण खोडायचं तर नव्हतं. तारखा कोण जुळवून बघतंय, असं म्हणत तिने तक्ता परत टांगला.

थोड्या वेळाने वास आला. गोडसर, कुबट, ओळखीचा. गादी तर तीन दिवस उन्हात तापवली होती. शालूने वळून पाहिलं. चार नंबरच्या गादीवर खळगा पडला होता, कोणी डाव्या कुशीवर पाय पोटाशी घेऊन निजावं तसा. तिने तळहाताने गादी सारखी केली. हात उचलला, तसा खळगा हळूहळू पुन्हा उमटला.

"शालू..." शेजारच्या खाटेवरच्या देवकाबाई पुटपुटल्या. त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. "चार वाजले ना वो? तिले फिरव..."

"कोनाले, आजी?"

"दोनले तुनं डावी लिहली. आता उजवी हाय... काहून थांबली? ते वाट पाहून राहिली."

शालूला पळायचं होतं. पण पलीकडून, त्या रिकाम्या गादीवरून, एक कण्हणं आलं आणि तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आलीच, आजी."

म्हटल्यावर जावंच लागलं. तिने वाकून दोन्ही हात खळग्याखाली घातले. हातांना वजन लागलं. कोमट, ओलसर, हाडांचं वजन. दात आवळून तिने ते उजवीकडे वळवलं, पाठीशी उशी लावली, पावडर शिंपडली. पावडर गादीवर पडली नाही, वीतभर वरच थांबली.

"माफ कर, आजी... चुकलं माहं," शालू रडत रडत म्हणाली. सहा वाजता तिने पुन्हा हात घातले आणि ते वजन पाठीवर निजवलं. तक्त्यावरची शेवटची ओळ संपली होती. ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तपासणीवाले आले, चहा प्याले. तक्ते पाहून म्हणाले, इतकं नीट काम कुठे दिसत नाही. तारखा कोणीच जुळवल्या नाहीत. चार नंबरची गादी सपाट होती, वासही नव्हता. शालूचा जीव भांड्यात पडला. देवकाबाईंना पेज भरवता भरवता तिने हळूच विचारलं, "गेल्या का वो गिरजाआजी?"

"गेली ना."

"सुटल्या बिचाऱ्या."

"सहाच्या पुढं तुनं काहीच लिहलं नाही," देवकाबाई म्हणाल्या. "आठ वाजेपर्यंत वाट पाहिली तिनं. कोनी आलं नाही. मंग सोताच उठली..."

"अन्... कुठं गेली?"

"तुह्या घरी."

शालूच्या हातातला चमचा थांबला. तिला आदली रात्र आठवली. नवरा अमर रात्रपाळीला वरठीला गेलेला, ती घरात एकटी. निजली त्याच कुशीवर सकाळपर्यंत खिळून राहिली होती. बोटसुद्धा हलेना. पाठ जळत होती, हाका मारायला तोंड उघडत नव्हतं आणि कोणीतरी दारातूनच गोड आवाजात म्हणत होतं, "आलीच, पोरी... आलीच." दमल्यामुळे असं स्वप्न पडलं असेल, असं तिने सकाळी स्वतःला समजावलं होतं.

पेजेचं भांडं खाली ठेवून शालू न्हाणीत गेली. कडी लावली, कमरेवरची साडी सैल केली. डाव्या खुब्यावर रुपयाएवढा लाल चट्टा होता.

तिने त्यावर बोट दाबलं, दहापर्यंत मोजलं आणि उचललं.

चट्टा लालच राहिला.