दरफाळणीचा पाहुणा

ओहोटीला डहाणूजवळच्या आगरचा समुद्र इतका लांब जातो, की पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे सुरू झालं, हे कोळणीलाही सांगता येऊ नये. एकोणसाठ सालच्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी, उन्हं कलताना, तिथूनच एक माणूस चालत आला. अंगावर सगळे पांढरे कपडे, पाय अनवाणी, आणि मागे-पुढे चिटपाखरूही नाही.

मिल्का झिराडकर तेव्हा किनाऱ्यावर भिकीशी बोलत उभी होती. भिकी बांबूच्या आडव्या दांड्यांवर बोंबील सुकत घालत होती.

"उद्या मासळी घेऊन येऊ नकोस, भिकी. दारात हाकही मारू नकोस. आमची दरफाळणी आहे."

"ठाऊक हाय गो बाय. वरसातून एक दिस दारं लावता, पांढरी कापडं घालता आन गुपचूप बसता. माझी पोरं त्या दिवशी तुमच्या घरावरनं जात नाय."

"अगं, आत आम्ही नुसते उपास करून प्रार्थना म्हणतो."

"आन तुमची मेलेली मानसं येतात, ती?"

भिकीला हे सांगितलं होतं मिल्कानेच. मिल्काचे लोक बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. त्यांच्यातली जुनी माणसं सांगत, दरफाळणीच्या आदल्या संध्याकाळी घरातले गेलेले लोक परत येतात, उपासाचा दिवस आपल्या माणसांत काढतात आणि शिळ्या सणाला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, निघून जातात. मिल्का वीस वर्षांची, मॅट्रिक झालेली. तिचा यावर विश्वास नव्हता. निदान वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस तरी नव्हता.

तेवढ्यात तो माणूस चार हातांवर येऊन थांबला.

"झिराडकरांचं घर कुठे आलं?"

मिल्काने आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. भुताचे पाय उलटे असतात, ही भिकीची शिकवण. पण पाय घोट्यापर्यंत ओल्या वाळूत रुतले होते... पंचाईतच.

"कोणते झिराडकर?" तिने उगीचच विचारलं. डहाणूत झिराडकर एकच.

"ज्यांच्याकडे एक माणूस कमी आहे, ते."

तिच्या अंगावर काटा आला. कारण ते खरं होतं. डहाणूत सिनेगॉग नव्हतं. तिचे वडील एलोजी स्टेशनवर मालधक्क्याचे कारकून होते, त्यांच्याच पुढच्या खोलीत आसपासची ज्यू माणसं सणाला जमत. पुरी प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात. यंदा नऊच होते. दहावे मिठागरावरचे मुसाजीकाका वैशाखात वारले. त्यांना ना बायको, ना मूल, आणि त्यांच्या नावाची मेलेल्यांची प्रार्थनाही दहा जणांवाचून म्हणता येत नव्हती. बाबांनी चार ठिकाणी कार्डं टाकली होती. उत्तर एकाचंही नव्हतं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगितलं एकाने." तो हसला. हसू मात्र छान होतं. "तुम्हीच झिराडकरांच्या ना?"

"कशावरून?"

"मला बघून घाबरलात, तरी पळाला नाहीत."

"मी... मी मुळीच घाबरले नाही."

"मग हातातला रुमाल इतका का पिळताय?"

तिने रुमाल सोडला आणि मान वर केली, तोच तिला कोटाची डावी बाही दिसली. पांढऱ्या बाहीच्या कडेला निळ्या धाग्याचं रफू. ते तिच्याच हातचं होतं. पांढरा धागा संपला म्हणून तिने मुसाजीकाकांचा कोट निळ्याने रफू केला होता. काका गेल्यावर त्यांचं सामान बाबांनी स्टेशनवरच्या गोरगरिबांना वाटून टाकलं. त्या माणसाला वास येत होता तोही औषधाचा... काका शेवटचे आठ दिवस ज्या इस्पितळात होते, तिथल्यासारखा.

भिकीने मागच्या मागे पाय काढता घेतला. मिल्का म्हणाली, "या." ती पुढे झाली आणि घर येईपर्यंत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. वाळूत त्याची पावलं वाजत नव्हती. वाळूत कुणाचीच वाजत नाहीत, हे तिला घरी पोचल्यावर आठवलं.

घरी उपासाआधीचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. आईचा हिशेब साधा, पैसा तुटपुंजा असला तरी सण पुरा. बाबांच्या जुन्या पांढऱ्या विजारी उसवून तिने सगळ्यांपुरते पांढरे कपडे शिवले होते. एका कोंबडीच्या कालवणात बटाटे ढकलून चौदा माणसं जेवू घातली होती. पुऱ्यांची परात निपटली होती. उद्या उपास सोडायला मनुकांचं सरबत हवं, म्हणून मूठभर काळ्या मनुका तिने पाण्यात भिजत टाकल्या होत्या.

"जेवलात का?" आईने पाहुण्याला विचारलं.

"झालं," तो म्हणाला.

"नाव काय तुमचं?"

"हसकेल. तळासरीहून आलो. शेवटचे दोन कोस वाळूवरून चालत."

बाबांना आणखी काही विचारायची शुद्धच नव्हती. दहा जण झाले होते आणि सूर्य बुडत होता. त्यांनी दार लावलं, कडी घातली. हसकेल थेट जाऊन फडताळाखालच्या कोपऱ्यात बसला. ती मुसाजीकाकांची जागा. त्याला कुणी दाखवली नव्हती. म्हातारे बेनजीकाका कोटाच्या बाहीकडे टक लावून बघत राहिले, मग त्यांनी घाईने पुस्तक उघडलं.

दुसऱ्या दिवशी घरात हालचाल होती, पण आवाज नव्हता. खिडक्या बंद, तेलाचा दिवा दिवसाउजेडी तेवत होता आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं भिंतीला टेकून पुटपुटत होती. सगळे जिवंत की सगळे मेलेले, हे नवख्याला सांगता आलं नसतं. मेलेल्यांची प्रार्थना आली तेव्हा मुसाजीकाकांसाठी उभं राहायला कुणी नव्हतं. कुणी न सांगता हसकेल उठला आणि खणखणीत आवाजात म्हणायला लागला. मिल्का मधल्या दाराआड बायकांत बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भीतीचं नव्हतं.

दुपारी प्रार्थनेला विसावा मिळाला. पुरुष सतरंजीवर आडवे झाले, बायका पेंगल्या. मिल्का मधल्या बंद दाराला टेकून बसली होती.

"जाग्या आहात?" दारापलीकडून हलकेच आवाज आला.

"...तुम्ही झोपला नाहीत?"

"झोप येत नाही मला."

झोपत नाही. तिने मनात नोंद केली.

"भूक लागली असेल."

"भुकेची सवय झालीय."

"आणि तहान?"

"पाण्याची नाही. बोलण्याची आहे. किती दिवसांत माझ्याशी कुणी पाच वाक्यं बोललेलं नाही."

"ही पाचवर गेली की," ती म्हणाली आणि जीभ चावली. उपासाच्या दिवशी हे असं!

पलीकडे तो हसला. "मोजताय वाटतं?"

"तळासरीला काय करता तुम्ही?"

"घराघरांत जातो. मी आलो की लोक चूल विझवतात, पोरं उचलतात आणि बाहेर जाऊन उभे राहतात. काम झालं की भिंतीवर तारीख लिहितो आणि निघतो. पुन्हा या, असं अजून कुणी म्हटलं नाही."

भुताला कुणी पुन्हा या म्हणत नाही, मिल्काच्या मनात आलं. तरी तिने विचारलंच, "कोट कुठला तुमचा?"

"तळासरीच्या बाजारात एक म्हातारा विकत होता. नवा घ्यायची ऐपत नव्हती आणि सणाला पांढरं हवं होतं. त्याने मागितलं तेही नावालाच. म्हणाला, दरफाळणीला डहाणूला झिराडकरांकडे जा, यंदा तिथे एक माणूस कमी आहे. बोलताना उजवा डोळा सारखा मिटायचा."

मिठाच्या चकाकीने मुसाजीकाकांचा उजवा डोळा गेली दहा वर्षं तसाच मिटत असे.

दाराखाली बोटभर फट होती. फटीतून पांढऱ्या बाहीची कड दिसत होती. मिल्काने एक बोट पुढे केलं... मागे घेतलं... पुन्हा पुढे केलं आणि निळ्या रफूवर टेकवलं. त्याने हात ओढून घेतला नाही.

"उद्या जाणार तुम्ही?" शेवटी तिने विचारलं.

"जावंच लागेल."

उद्या शिळा सण. ते सगळे उद्याच जातात.

दोन चांगली स्थळं नाक मुरडून परत पाठवणारी ही मुलगी, आणि तिचा जीव जडला होता एका आवाजावर, एका बाहीवर. त्या दिवशी घरातला जो तो देवाकडे वर्षभराच्या पापांची माफी मागत होता. मिल्काने पापांचा विषय काढलाच नाही. ती म्हणत राहिली, देवा, हा जिवंत निघू दे.

पण कळावं कसं? एरवी भूत ओळखायला जेवणाची पंगत पुरते. दरफाळणीला कुणीच जेवत नाही, पाणी पीत नाही, जिवंत माणसाचा चेहराही संध्याकाळपर्यंत मेल्यासारखा होतो. एकच खूण उरली होती. उपास सुटेल तेव्हा सरबत प्यायला, तर तो जिवंत.

तिन्हीसांज झाली. बाबांनी मेंढ्याचं शिंग तोंडाला लावलं आणि तो लांबलचक आवाज घरभर घुमला. दार उघडलं. बाहेरची खारट हवा आत आली, दिवा फडफडला. आई सरबताचं तबक घेऊन आली. एकेकाने पेला उचलला, तबक रिकामं झालं, आणि मिल्काने फडताळाखाली पाहिलं.

कोपरा रिकामा होता.

"कुठे गेला तो पोरगा?" बाबा म्हणाले.

मग बेनजीकाका हळूच म्हणाले, "पोरगा कसला, एलोजी. कोट नाही ओळखलास? मुसाजी होता तो. स्वतःची प्रार्थना म्हणायला आला आणि म्हणून गेला."

बाबांचा पेला ओठांशीच थांबला. आईने पदर डोक्यावर ओढला. उघड्या दाराकडे बघायची कुणाची छाती होईना.

तो गेला होता. उद्यापर्यंतही थांबला नव्हता. बायकांच्या वाट्याचं उरलंसुरलं सरबत एका पेल्यात होतं. तिने पेला उचलला आणि कुणी अडवायच्या आत ती बाहेर पडली.

अंगणाच्या टोकाला विहिरीच्या कठड्यावर एक पांढरी आकृती बसली होती. डोकं खांबाला टेकलेलं. मिल्का भ्यायली, पण थांबली नाही.

"न सांगता निघालात?"

"निघालो नाही. चक्कर आली म्हणून बसलो."

"आत का नाही बसलात?"

तो अवघडला. "पेले नऊच होते."

"म्हणजे?"

"मघाशी मधलं दार किलकिलं होतं. तुमच्या आई पुरुषांचं सरबत नऊ पेल्यांत सारखं करत होत्या. शेवटच्यात पाणी घातलं त्यांनी. मी समोर राहिलो असतो, तर स्वतःच्या तोंडचं मला दिलं असतं. म्हटलं, त्यांचं पिऊन होईपर्यंत बाहेर थांबावं."

मिल्का त्याच्याकडे बघतच राहिली. "आणि काल? काल जेवला होतात ना?"

"काल परात रिकामी दिसली."

"म्हणजे दोन दिवसांचे उपाशी! आईशी खोटं बोललात?"

"सूर्य बुडायच्या आधी बोललो. नंतर दिवसभर त्याचीच माफी मागितली."

तिला राग आला, हसू आलं, रडूही यायला लागलं. तिने पेला पुढे केला. "प्या."

"तुमचं आहे ते."

"प्या म्हणते ना. मला बघायचंय."

तो प्यायला. तिने त्याच्या गळ्याची घाटी खाली-वर होताना पाहिली. दुसऱ्या घोटाला त्याला ठसका लागला, तिसऱ्याला उचकी. मिल्का तोंडावर पदर घेऊन हसायला लागली आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळलं.

"काय झालं?"

"मला वाटलं... तुम्ही मेलेले आहात."

तो हसला नाही. "तळासरीला राहून मलाही कधी कधी तसंच वाटतं. मलेरिया खात्यात आहे मी. घराघरांत डीडीटी फवारायचं माझं काम. अंगाचा वास जात नाही, आणि जवळ कुणी बसत नाही."

"आणि तो कोटवाला म्हातारा?"

हसकेलने बाहीवरच्या रफूवरून अंगठा फिरवला. "पुढच्या बाजारी त्याला शोधला. ज्या झाडाखाली तो बसला होता, तिथल्या सगळ्यांना विचारलं. त्यांच्यापैकी कुणीही तिथे म्हातारा पाहिलेला नाही."

विहिरीचा दोर वाऱ्याने हलला. दोघंही तिकडे बघत राहिली, आणि नकळत थोडी जवळ सरकली.

"मला मेलेला समजून," त्याने हळूच विचारलं, "बाहेर कशाला आलात?"

मिल्का खाली बघत म्हणाली, "तुम्ही जाल म्हणून. मला ते नको होतं... मेलेले असलात, तरी नको होतं."

त्याची उचकी थांबली. त्याने रिकामा पेला तिच्या हातात दिला. देताना त्याची बोटं तिच्या बोटांवर राहिली. चांगली गरम होती.

दारात सगळं घर दाटीवाटीने उभं होतं, पण उंबरठा कुणी ओलांडला नव्हता. हसकेल पायरीशी थबकला.

"मेलेले बोलावल्याशिवाय आत येत नाहीत म्हणतात," तो पुटपुटला.

"मी बोलावते. या."

"आणि जा कधी म्हणाल?"

"ते नाही म्हणणार."

आईने ते ऐकलं की नाही, कळलं नाही. तिने पुढे होऊन त्याच्या गालावरून हात फिरवला, "अगं बाई, पोरगं उपाशी आहे," म्हणाली आणि शिळ्या सणासाठी राखून ठेवलेलं पीठ मळायला घेतलं. बेनजीकाकांनी खात्रीसाठी त्याला एक चिमटा काढून पाहिला. पुऱ्या टम्म फुगून ताटात पडायला लागल्या. हसकेल एकेक पुरी सावकाश खात होता, आणि चोवीस तासांची उपाशी मिल्का त्याच्यासमोर बसून प्रत्येक घास बघत होती. स्वतः जेवायचं तिला सुचलंच नाही.