अडतीस सेकंदांची हाक

घनसावंगीच्या स्टँडसमोर कल्याणमामाचं मोबाईलचं दुकान आहे. रविवारी सकाळी रेणुका तिथं काउंटरवर कोपरं टेकून मामाला डॅक म्हणजे काय ते समजावत होती. दुकान मामाचं, पण शिकवणी अकरावीतल्या पोरीची!

"मोबाईलात आवाज नसतोच मामा, नुस्ते आकडे असतात. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करतो तो डॅक. मोबाईलातला असतो भंगार. म्हणून बाहेरून चांगला लावायचा."

"अन् मंडपवाल्या काकासाहेबाकडून आणलेल्या त्या जुन्या ॲम्प्लिफायरवर काय वाजवून राह्यली? डीजे?"

"तुमची वरात!"

मामा हसला. स्वस्तातले दोन डॅक त्यानं समोर ठेवले. एक शेपटीसारखा, वायरीतच बसवलेला. दुसरा काडेपेटीएवढा, काळा, जड. "दोन्ही ने. बराबर वाटल तो ठेव, दुसरा वापस आण."

महिनाभर रेणुकानं डॅकची माहिती वाचून डोळे फोडून घेतले होते, पण तिला ऐकायची होती एकच गोष्ट. तीन वर्षांपूर्वी तिची आई, प्रेमला, संध्याकाळी कोकरांना बोलावत होती आणि रेणुकानं ते गंमत म्हणून मोबाईलवर टिपलं होतं. अडतीस सेकंद. त्याच हिवाळ्यात आई गेली. त्यात "या गं, या या" झाल्यावर अगदी शेवटी आई एक शब्द बोलते. मोबाईलवर तो नुसता 'फस्स' ऐकू येई. तो 'रेणे' असेल का? तिला रेणे म्हणणारं आईशिवाय दुसरं कुणी नव्हतंच.

दुपारी बाबा, म्हणजे आदिनाथ, अंगणात मेंढ्यांसाठी बाभळीच्या शेंगा निवडत बसले होते. आत रेणुकानं मोबाईल आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये शेपटीवाला डॅक जोडला. स्पीकर घुमायला लागले. आईचा आवाज गोधडीतून आल्यासारखा. शेवटी "...णे."

मग काळा जोडला. घुमणं गेलं. इतकं स्वच्छ, की तिनं मागं वळून पाहिलं. बांगड्या वाजल्या. कुत्र्यानं कान फडफडवले. आईनं नाक ओढलं. त्या दिवशी आईला सर्दी होती, हे रेणुका साफ विसरून गेली होती!

आणि अडतिसाव्या सेकंदाला,

"रेणे!"

रेणुका रडली, हसली, पुन्हा लावलं. या वेळी हाक जवळून आली. आवाजाच्या बटणाला तिनं हात लावला नव्हता.

तिसऱ्यांदा हाक देऊन आई थांबली. पडद्यावरचे आकडे अडतिसावर थिजले होते. स्पीकरमधून मात्र कुणीतरी वाट बघत असल्यासारखा श्वास येत होता.

"ओ!" रेणुकाच्या तोंडून निघून गेलं.

श्वास बंद झाला.

तिनं पुन्हा लावलं. "या गं, या या." पुढं काहीच नाही. दुसरा डॅक लावून पाहिला, नाही. नुसत्या मोबाईलवर लावलं. 'फस्स'सुद्धा नाही.

दारात बाबा उभे होते. मुठीत शेंगा तशाच.

"ओ दिली का तू?"

"तोंडातून निघालं, बाबा."

"तुह्या मायचं माहेर मेंढरांमागं रानोमाळ फिरणारं. तिथं ओ येस्तोवर हाक मारत्यात. ओ आली की हाक बंद."

"मंग?"

"मंग न्यायला येत्यात. दाराशी येऊन पुन्हा हाक मारत्यात, तवा ओ द्यायची न्हाई."

सोमवारी तिनं दोन्ही डॅक परत केले. "आवडला न्हाई व्हय?" मामानं विचारलं.

"काळा लई चांगला व्हता, मामा," ती म्हणाली.

तेव्हापासून बाबा तिला नावानं हाक मारत नाहीत. जवळ येतात, खांद्याला हात लावतात.

काल दुपारी दोघं जेवत होती. घरामागून हाक आली.

"रेणे!"

ओ अगदी ओठांवर आली. द्यावीशी वाटली, फार वाटली.

बाबांनी चटणीचा हात तसाच तिच्या तोंडावर दाबला. ओठ भाजले. दोघं हलली नाहीत. बाबांचे डोळे भरले होते आणि ते मागच्या भिंतीकडे बघत होते.

मग दुसरी हाक आली. त्याच आवाजात, तितक्याच मायेनं.

"आदिनाथ!"

आईनं जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं.